चौकटीतलं वाक्य

आमच्या आळीतल्या मालिनी आगाशे गवळी समोर उभा असतानाच दुधात बोट बुडवून बघतात. आंब्याच्या पेटीतला वरचा थर उचलून खालचा बघतात. औषधाच्या गोळ्यांबरोबर येणारा घडीचा कागद त्या भिंग लावून शेवटपर्यंत वाचतात. हळदीकुंकवाला दिलेला खणसुद्धा त्या उजेडाकडे धरणार आणि आम्ही शेजारणी तेवढ्यात दुसरीकडे बघणार, हे आता ठरूनच गेलं आहे.

हा संशय एकतीस वर्षं त्यांच्या नोकरीत कामाला आला. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. 'कोण कोणास म्हणाले' हा प्रश्न इतर शिक्षकांकडे दोन गुणांचा, बाईंकडे पाचांचा. नुसतं कोण आणि कोणास लिहून भागायचं नाही, केव्हा आणि का तेही हवं. एक जरी सुटलं तरी पाचपैकी दोन. "सुटं वाक्य म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर," त्या वर्गात सांगायच्या. "आधी त्याला आईबापाचं नाव विचारा." आजही रत्नागिरीच्या बाजारात टक्कल पडलेला एखादा गृहस्थ त्यांना बघून हातातली पिशवी मागे घेतो, तो त्यांचा विद्यार्थी असतो.

नवरा गेल्यावर घरात त्या आणि मुलगा सलील असे दोघंच होते. सलीलनं मिरजेची नम्रता साळवे लग्न करून आणली तेव्हा आळीत थोडी कुजबुज झाली. मुलगी ख्रिस्ती. बाई जाहीरपणे एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नपत्रिका मात्र त्यांनी दोन दिवस जवळ ठेवली. वरच्या बाजूला बायबलमधली ओळ छापली होती, तू जाशील तिथे मी येईन, अशा अर्थाची. "कोण कुठे जाणार आहे ते आधी कळू दे," एवढंच त्या म्हणाल्या. पोरगी आपल्या मुलाला मिरजेला नेणार, असा त्यांनी अर्थ काढला होता.

नम्रता कुठेच गेली नाही. सात वर्षं ती त्याच घरात राहिली, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करत. या सात वर्षांत बाईंनी तिचा डबा ती परत आली की हुंगून बघितला. रविवारी ती प्रार्थनेला गेली की परतायची वेळ घड्याळात बघितली. नात झाली, तिचं नाव अवनी ठेवलं, तेव्हा हे नाव तिकडच्यांत चालतं का आणि चालत असेल तर कशासाठी, यावर विचार केला. नम्रतेला हे सगळं कळत होतं. ती रोज सकाळी परडीभर फुलं काढून देवघराच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि तिथूनच मागे फिरायची. आत येऊ नकोस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

यंदा संक्रांतीनंतर सलीलची नाशिकला बदली झाली. सामानाचा टेम्पो आदल्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी. नम्रता खाली उतरली, वाकून नमस्कार केला आणि खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाईंच्या हातात दिलं. अवनीनं आजीच्या मानेला मिठी घातली ती सोडवावी लागली. सलील मात्र गाडी चालवायला बसला तो बसलाच.

"अरे, उतर की. पाया पडून जा."

"आई, कंबर धरल्ये गो. उतरलो तर परत बसता यायचं नाही. इथूनच नमस्कार."

बाईंनी खिडकीतून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी पाणंदीतून वळून दिसेनाशी झाली.

खाकी कागदात एक चौकट होती. काचेखाली पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्यानं भरलेलं वाक्य: आपण एकमेकांच्या दृष्टीआड असू तेव्हा परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो. खाली बारीक अक्षरांत, उत्पत्ती ३१:४९. भरतकाम सुबक होतं. बाईंनी उलटं करून मागच्या गाठीही बघितल्या.

नऊ वाजता त्या पूजेला बसल्या आणि अन्नपूर्णा जागेवर नव्हती.

ही चांदीची अन्नपूर्णा बाईंना माहेरून, वेळणेश्वरहून, लग्नात मिळालेली. आमच्याकडे मुलीला सासरी जाताना देतात तशी. अंगठ्याएवढी मूर्ती, हातातल्या पळीचं टोक मोडलेलं, वाटीतल्या तांदळात बसवलेली. वाटी होती, तांदूळ होते. तांदळात तिच्या बैठकीचा खळगा तेवढा राहिला होता.

कामाला येणारी सखू तेवढ्यात केर काढत दारापर्यंत आली.

"सखू, देवघरात गेली होतीस?"

"मी? आजवर कधी गेल्येय?" सखू केरसुणी टेकवून उभी राहिली. "काय हरवलं?"

"अन्नपूर्णा."

"आणि पयलं माझ्याकडं बघितलात."

"मी सगळ्यांकडेच बघते."

"ते पण खरंच म्हणा," सखू म्हणाली आणि पुन्हा केर काढू लागली. थोड्या वेळानं परत आली. "आमच्या गावात देवीला कौल लावू या का? दगडाला कळ्या लावतात बाय, उजवी पडली का हो, डावी पडली का नाय. एका कळीत निकाल."

"देवीचा पत्ता देवीलाच विचारू?"

बाईंना कौलाची गरज नव्हती. त्यांच्या मांडीवर चौकट होती. देव नजर ठेवो. सात वर्षं आपण नजर ठेवली, आता निघताना पोरीनं ती उलटून आपल्या हातात दिली, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण नुसत्या वाक्यावर विसंबणाऱ्या त्या नव्हेत. मुलगा-सुनेच्या खोलीत माळ्यावर नम्रतेचं जुनं मराठी बायबल दमटपणा लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं त्यांना सापडलं. एवढं सामान नेलं आणि हे का ठेवलं? मुद्दाम आपल्याला सापडावं म्हणून? हा आणखी एक संशय त्यांनी चौकटीशेजारी ठेवला.

उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय त्यांनी काढला. एकोणपन्नासावी ओळ, मग पुढच्या तीन. हे लाबान नावाचा सासरा आपल्या जावयाला, याकोबाला म्हणत होता. माझ्या मुलींना छळलंस तर बघणारं कुणी नसलं तरी देव बघतोय. मध्ये दगडांची रास रचलेली. ही ओलांडून मी तुझ्याकडे यायचं नाही, तू माझ्याकडे यायचं नाही.

म्हणजे हा आशीर्वाद नव्हताच. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या सासरच्या दोन माणसांनी मध्ये गडगा घालून एकमेकांना दिलेला दम होता. बाईंनी पुस्तक मिटलं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. सून लहानपणापासून हे पुस्तक वाचत आल्येय, तिला कोण कोणास म्हणालं हे ठाऊक नसेल? मूर्ती तिनंच नेली. आणि जाताना भरतकाम करून कळवलंनसुद्धा.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, असं त्यांचं मत. रविवारी नम्रतेचा फोन आला की त्या दोन वाक्यांत आटपायच्या. अवनी काहीबाही सांगत राहायची, ते मात्र ऐकायच्या. सलील दर वेळी विचारायचा, "आई, घरी सगळं ठीक ना? काही विशेष?" मुलगा काळजी करतो, एवढंच त्यांना वाटायचं. चौकट कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

एप्रिलच्या एका बुधवारी सलीलचा फोन आला. "आई, मे महिन्यात पंधरा दिवस येऊ म्हणतोय तिघं. सोमवारी रजेचा अर्ज द्यायचाय, तर रविवारपर्यंत सांग. तुझं हल्ली काही कळत नाही. तुला नको असेल तर मिरजेला जाऊ आम्ही. अवनी मात्र रोज फणस पिकला का म्हणून विचारत्ये."

फणस खरोखरच पिकायला आला होता. बाईंनी झाडाकडे बघितलं आणि "सांगते" म्हणाल्या.

तीन दिवस त्या मनात निरोप जुळवत होत्या. येऊ नका, एवढंच लिहून चाललं नसतं, कारण द्यायला हवं होतं. आणि कारण द्यायचं तर ते असं हवं की समोरच्याला पळवाट राहू नये. नम्रतेच्याच पुस्तकातून तिला दाखवायचं होतं की तुझं वाक्य मला कळलंय. रविवारी दुपारी त्या ओटीवर वही, भिंग आणि बायबल घेऊन बसल्या. सखू सुपात कुळीथ निवडत होती.

"काय लिहिताव येवढं?"

बाईंनी सांगितलं. चौकटीतल्या वाक्याबद्दल, सासऱ्याबद्दल, जावयाबद्दल. एक माणूस तरी साक्षीला असावा म्हणून सगळं सांगितलं.

सखूनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "म्हणजे तुमी पण कौलच लावलात की. एक कळी पडली, झाला निकाल. मला हसला होतात."

"कौल कसा? मी पुस्तक उघडून बघितलं."

"किती बघितलात?"

बाईंनी बोटानं मोजल्या. चार ओळी. कोण आणि कोणास. केव्हा आणि का हे त्यांनी बघितलंच नव्हतं. वर्गातल्या कुठल्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी पाचपैकी दोन देऊन वही त्याच्याकडे भिरकावली असती. त्यांनी अध्याय पहिल्या ओळीपासून काढला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. वाचायच्या, थांबून सखूला आपल्या भाषेत सांगायच्या.

"जावई सासऱ्याकडे वीस वर्षं राबला. सासरा लबाड. दहादा बोली फिरवलीन. शेवटी हा बायकापोरं, गुरंढोरं घेऊन न सांगता निघाला. सासरा मेंढरांची लोकर कातरायला गेला होता, ती वेळ साधलीन."

"बरं केलान."

"थांब." बाईंचं बोट ओळीवर अडलं. आवाज बदलला. "घरातले देव चोरीला गेले."

"कुणाचे?"

"सासऱ्याचे. घरचे देव. मूर्ती." बाईंनी चष्मा काढून पुसला. हे तर नुसतं टोमणा मारणंही नव्हतं. निघून जाणं, देव नेणं, मागून हे वाक्य, सगळं एकाच पानावर होतं. पोरीनं ह्या पानाबरहुकूम केलंन सगळं! "बघितलंस? आणि मी म्हणत होते..."

"पण चोरलान कोणी? जावयानं?"

"सासऱ्यालाही तेच वाटलं." बाई पुढे वाचू लागल्या. "सात दिवस पाठलाग करून त्यानं त्यांना डोंगरात गाठलं. म्हणाला, माझे देव का चोरलेस? जावई म्हणाला, शोध. त्याला बिचाऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग म्हाताऱ्यानं तंबू धुंडाळले. जावयाचा, थोरल्या मुलीचा, दोन दासींचा..."

"दासींचा पण? म्हणजे आमचा नंबर तिथंसुद्धा हायेच."

"...शेवटी धाकटीच्या तंबूत शिरला. चोरले होते तिनंच. त्याच्या पोटच्या पोरीनं. उंटाच्या खोगिरात घातलेन आणि वर बसून राहिली. बापाला म्हणते, रागावू नका, मला उठता येत नाही, बायकांची अडचण आल्ये."

सखू सूप बाजूला ठेवून हसायला लागली. "हुशार हो! आता तिला कोण उठवील?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ परत वाचली, या वेळी मनात. मला उठता येत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर उंट नव्हता. गडग्यापाशी उभी असलेली गाडी होती, स्टिअरिंगवर घट्ट धरलेले दोन हात होते आणि खिडकीतून पुढे केलेलं डोकं.

"सखू," त्या हळूच म्हणाल्या, "सलीलची कंबर कधी धरली होती गो?"

"दादाची? कवा?"

"जायच्या दिवशी. गाडीतून उतरलाच नाही."

"आदल्या सांजचं तर लोखंडी कपाट पाठीवर घेतलान टेम्पोत टाकायला. मीच वरडले, अरे एकटा नको उचलू." सखूचं हसू थांबलं. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे गाडीत बसायच्या गादीखाली?"

बाईंना दर रविवारचा तो प्रश्न आठवत होता. घरी सगळं ठीक ना? काही विशेष?

त्यांनी फोन उचलला. सलीलला नाही, नम्रतेला लावला.

"आई? तुम्ही?" नम्रतेच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि थोडा सावधपणाही. "सलील अवनीला घेऊन खाली गेलाय. आला की..."

"तुझ्याशीच बोलायचंय. ते वाक्य कुठून घेतलंस, चौकटीतलं?"

"आमच्या घरी दारावर होतं. माझी आई भरायची. कुणी लांब जायला निघालं की द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे."

"ते कोण कोणास म्हणतं, ठाऊक आहे?"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. "नाही. म्हणजे... नाही, आई. पाठ आहे लहानपणापासून, पण मागचंपुढचं नाही बघितलं कधी."

ते क्षणभराचं थांबणं बाईंनी मनात टिपून ठेवलं. मग त्यांनी सांगितलं, शाळेत सांगायच्या तसं, मागच्यापुढच्यासकट. नम्रता ऐकत होती.

"आणि तुम्हाला वाटलं, मी हे ठरवून..."

"हो, तसंच वाटलं. आता एक काम कर. सलीलच्या सामानात बघ. अंगठ्याएवढी चांदीची मूर्ती आहे का."

"कसली मूर्ती?"

"बघ आधी."

कपाटं उघडल्याचे आवाज आले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. सखू कुळीथ निवडायचं सोडून फोनला कान लावायला जवळ सरकली आणि बाईंनी तिला सरकू दिलं.

"आई." नम्रतेचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत आहे. वाटीत तांदूळ घातलेत. आणि जास्वंदीचं फूल आहे, कालचं असेल. म्हणजे हा रोज..." ती थांबली. "सात वर्षं मी तुमच्या देवांना फुलं काढली. आणि ह्याला माझ्यापासून लपवावंसं वाटलं?"

"माझ्यापासूनही लपवलंनच की."

"तुम्ही इतके दिवस धरून चालला होतात, मी नेली म्हणून. म्हणून फोनवर तुटक बोलायचात."

पळवाट होती. बाईंना ती दिसतही होती. "हो," त्या म्हणाल्या.

"बरं," नम्रता म्हणाली.

त्या एका शब्दात राग होता, रडू होतं की नुसताच थकवा, हे बाईंना ओळखता आलं नाही. त्यांनी दोनदा मनात घोळवून बघितला. तेवढ्यात पलीकडे दार वाजलं, अवनीची बडबड ऐकू आली आणि मग एकदम शांतता. सलीलनं पिशवी बघितली असणार.

"आई," तो फोनवर आला. "बाबा रोज अन्नपूर्णेसमोर मला दोन दाणे वाहायला लावायचे. घर सोडताना... मला काहीतरी हवं होतं."

"मागायचं होतंस."

"दिली असतीस?"

"नसती."

"म्हणून."

"आणि बायकोला का नाही सांगितलंस?"

"नम्रतेला देतो फोन," तो म्हणाला. ते नम्रतेनं ऐकलं, हे फोन तिनं परत घेतला तेव्हा तिच्या श्वासावरून कळलं. तिनंच विचारलं, "मग पुढे काय झालं त्या दोघांचं? सासऱ्या-जावयाचं?"

बाईंनी भिंग उचललं. "त्या दगडांच्या राशीपाशीच सगळे एकत्र जेवले. सकाळी म्हाताऱ्यानं नातवंडांचे, मुलींचे मुके घेतलेन आणि आपल्या घरी गेला."

"आणि देव?"

"ते त्याला सापडलेच नाहीत. त्यानं चुकीच्या माणसाला विचारलं." बाईंनी पानं उलटली. "तुमच्या लग्नपत्रिकेवरचं वाक्यही आत्ता शोधलं मी, तू सामान धुंडाळत होतीस तेव्हा. शेवटी सूची आहे ना. ते बायको नवऱ्याला म्हणत नाही. सून सासूला म्हणत्ये. विधवा सून, विधवा सासूला."

"हो?" नम्रतेला हसू आलं, नको असताना आल्यासारखं. "मला वाटायचं, नवराबायकोंचंच. ते मी नव्हतं घातलं, आई. प्रेसवाल्यानं नमुन्यातलं घातलंन."

बाईंनाही हसू आलं. मग त्यांनी घसा साफ केला. "मूर्तीचा फोटो पाठव. पळीचं टोक मोडलेलं दिसलं पाहिजे."

फोटो आला. त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला, सखूलाही दाखवला. टोक मोडलेलं होतं.

"तीच आहे. मे महिन्यात या. अन्नपूर्णा तू घेऊन ये, त्याच्याकडे देऊ नकोस. देवघरात तूच ठेव, तांदूळ मी आत काढून ठेवते."

"आत?" नम्रतेनं विचारलं.

"आतच. उंबऱ्यावर मूर्ती ठेवतात का?" बाई पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळू लागल्या, मग थांबल्या आणि तसंच उघडं ठेवलं. "आणि सलीलला सांग, आल्यावर गाडीतून खाली उतरायचं. मी गादी उचलून बघणार आहे."